अप्पांच्या दाताचं गाऱ्हाणं

माझ्या पर्समध्ये अप्पांचं सरकारी आरोग्य कार्ड असतं. संगमेश्वरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनीच ते हौसेनं लॅमिनेट करून घेतलं होतं. रुमाल काढताना ते हाताला लागतं, किल्ली काढताना लागतं आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. नवरा म्हणतो, मग घरी ठेव ना काढून. नाही ठेवत. हा राग मला थंड होऊ द्यायचा नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. संगमेश्वरहून हायवे सोडून आत शिरलं आणि बरंच चढण चढून गेलं की आमचं गाव लागतं. आई गेल्यापासून अप्पा घरात एकटेच असतात. दोन वेळचं जेवण शेजारच्या चुलत दादा-वहिनींकडे. थोडी भातजमीन आहे, कातळाच्या कडेला काजूची झाडं आहेत, एक म्हैस होती ती विकली. मी त्यांची एकुलती एक लेक. लग्न करून रत्नागिरीत आले, एका पतसंस्थेत चिकटले, ती आजतागायत तिथेच कारकून आहे.

गावात अप्पांचा मान गाऱ्हाण्याचा. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर येऊन बसली की साऱ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं ते आमच्या अप्पांनी. ओंजळीत नारळ धरून ते उभे राहायचे आणि सुरू व्हायचे. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा पोरगा मुंबईत काम सुटून बसलाय, कुणाच्या विहिरीचं पाणी आटलंय, कुणाच्या भावाभावांत बोलणं नाही, हे सगळं एकेक करून देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक मागणीच्या शेवटी 'रे म्हाराजा' आलं की अख्खा गाव एका आवाजात म्हणायचा, 'व्हय म्हाराजा!' आणि एकदा गावानं 'व्हय' म्हटलं की ते मागणं गावाचं झालं. मग त्यात कुणाला मागे फिरता येत नाही.

हे काही पाठ केलेलं नसतं. सुरुवातीचे चार शब्द ठरलेले, पुढचं दर वर्षी नवं. अप्पांना माईक कधी लागला नाही. खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या अंगणात बसून त्यांचा शब्द न शब्द ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी, माझं नाव जरा उशिरा घेतलंस, म्हणून भांडायलाही यायच्या. अप्पा म्हणायचे, "देवाला आपला म्हणणा सरळ कळला पायजे. तोंडातल्या तोंडात बोलला तर तो तरी काय करील?"

आणि गाऱ्हाणं संपलं की नारळ फोडायच्या आधी त्याची शेंडी ते दातांनी ओढून काढायचे. ही त्यांची मिजास. सत्तरी ओलांडलेला माणूस दातांनी नारळाची शेंडी उपटतोय, हे बघायला पोरं पुढे येऊन बसायची. लहानपणी, अप्पा तरुण असताना, मीही बसलेली आहे.

आता विम्याचं सांगते. आमच्या पतसंस्थेनं कर्मचाऱ्यांसाठी एक आरोग्य विमा घेतलेला होता. त्यात आई-वडील धरलेले होते आणि, कुण्या भल्या माणसाला सुचलं होतं कोण जाणे, दातांचा खर्चही धरलेला होता. त्यासाठी दवाखान्यात झोपावं लागत नसे. दाढ भरा, रूट कॅनाल करा, बिल आणून द्या. एकदा अप्पांची वरची दाढ त्यातूनच भरून घेतली होती. अप्पा खुर्चीवर ऐटीत बसले, 'आ' केला, आणि जाताना दातांच्या डॉक्टरांना गावचे काजू देऊन गेले.

ते ऐटीत बसले याला कारण होतं. आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीचा पैसा घेत नाहीत. घेतला तर जगबुडी होईल असं कुणी सांगितलेलं नाही, पण घेत नाहीत. माझ्या घरी आले तर अप्पा पिशवीतून तांदूळ घेऊन येणार, आणि एक रात्र राहिले तर सकाळी नातवाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय निघणार नाहीत. एसटीचं तिकीटसुद्धा मला काढू देत नाहीत. पण विम्याचा पैसा हा लेकीचा पैसा नव्हे. तो हापिसाचा. हापिसाचा पैसा घ्यायला अप्पांना लाज वाटत नसे. आता कुणाला हे हास्यास्पद वाटेल. मलाही वाटतं. पण त्या विम्यामुळे मला माझ्या बापाचं काहीतरी करता येत होतं, आणि ते करू दिल्याचं बापाला ओझं होत नव्हतं.

मग ते नवं कार्ड आलं. सरकारनं आरोग्य योजना सगळ्यांसाठी खुली केली. पिवळं रेशनकार्ड असो, केशरी असो, नाहीतर पांढरं, प्रत्येक घराला उपचार मोफत. मी आधीच सांगून टाकते, मोठ्या आजाराला ही योजना उपयोगी पडते. आमच्याच वाडीतल्या एकाचं हृदयाचं ऑपरेशन त्यातून झालं आणि तो आज शेतात उभा आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुढे काय झालं त्याबद्दल आहे.

पतसंस्थेची वार्षिक सभा होती. हॉलमध्ये सभासद खुर्च्यांवर, आम्ही कर्मचारी मागे भिंतीला टेकून उभे. उपमा आणि चहा झालेला. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, आता सरकार प्रत्येकाला आरोग्याचं कवच देतंय, मग आपण कर्मचाऱ्यांच्या विम्यावर वेगळा खर्च कशाला करायचा? सभासदांनी हात वर केले. मंजूर. विषयसुद्धा नीट वाचून झाला नव्हता. मी मागून विचारलं, "साहेब, त्या कार्डात दात येतात का? आपल्या विम्यात दात होते."

अध्यक्ष हसले. "दातासाठी कोण ॲडमिट होतं हो बाई?"

सगळा हॉल हसला. माझ्या शेजारी उभा असलेला आमचा शिपाईसुद्धा हसला, आणि त्याच्या बायकोच्या दोन दाढा त्याच विम्यातून झाल्या होत्या. सभा पुढच्या विषयाकडे गेली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. पटकन 'मंजूर' म्हणणारी माणसं मला तेव्हापासून सहन होत नाहीत.

दिवाळीनंतर अप्पांची खालची दाढ दुखायला लागली. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. वहिनींनी फोन करून सांगितलं, अप्पा एकाच बाजूनं चावतात, भाकरी कालवून खातात. मी त्यांना रत्नागिरीला बोलावून घेतलं आणि आधीच्याच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला. मुळाशी पू धरतोय म्हणाले, पण दाढ वाचेल. रूट कॅनाल करू, वर कॅप बसवू. अप्पांना साखरेचा त्रास आहे, तेव्हा उशीर नको.

अप्पांनी खुर्चीवरूनच मान वळवून मला विचारलं, "तुज्या हापिसाचा इमा हाय ना गो?"

"बंद झाला अप्पा. पण ते बघू नका तुम्ही. मी देते."

अप्पांनी गळ्यात बांधलेलं ते कागदी फडकं सोडलं, त्याची नीट घडी घातली, डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवली आणि खाली उतरले. "माज्याकडं कार्ड हाय," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "काका, त्या कार्डावर हे होत नाही." अप्पा म्हणाले, "सरकारनं दिलान ता काय उगीच?" आणि चपला घालून बाहेर.

बाहेर रस्त्यावर मी त्यांच्याशी भांडले. माणसं बघत होती. लेकीचा पैसा विटाळलेला असतो का, मी तुमची कोणी नाही का, असं सगळं बोलले. अप्पा शांतपणे म्हणाले, "तुजा नको. सरकारचा चालंल." या माणसाच्या दातापेक्षा याचं डोकं आधी दुरुस्त करायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात दातांचे एक डॉक्टर ठरलेल्या वारी येतात. तिथेही अप्पा जाऊन आले होते. तिथले डॉक्टर म्हणाले होते, दाढ काढून देतो, फुकट. रूट कॅनालचं सामान इथे नसतं. चांगली दाढ काढायला अप्पा तयार नव्हते, आणि मीही काढू दिली नसती.

मग आम्ही त्या योजनेत बसणाऱ्या एका खासगी रुग्णालयात गेलो. तिथे योजनेची वेगळी खिडकी असते. खिडकीत एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं अप्पांचं कार्ड मशीनवर दाखवलं, अप्पांचं नाव स्क्रीनवर आलं, फोटो आला. अप्पा माझ्याकडे बघून ऐटीत हसले. मग मुलीनं विचारलं, त्रास काय आहे? मी सांगितलं. तिनं यादी उघडली, खाली सरकवली, वर सरकवली.

"ताई, दात नाही बसत यात."

"का नाही?"

"ॲडमिट करून केलेले उपचारच बसतात. जबड्याचं ऑपरेशन बसतं. जबडा मोडला, जबड्यात गाठ आली, असलं."

"म्हणजे दात नीट करायचा असेल तर आधी जबडा मोडून घ्यायचा?"

मुलगी गोरीमोरी झाली. तिनं मला सोडलं आणि अप्पांकडे बघून समजावलं. "काका, मी काय म्हणते, नुसता दात नाही बसत. पण त्या दातामुळे सूज आली, ती गळ्यापर्यंत आली, श्वासाला त्रास झाला आणि ॲडमिट करावं लागलं, तर ते सगळं बसतं."

तिनं नियम सांगितला. अप्पांनी त्याचा निरोप केला. सरकारी खिडकीतून कुणी काही सांगितलं की आमच्या गावची माणसं ते तसंच्या तसं घरी घेऊन जातात. भातबियाणं अमुक दिवशी येईल, दाखला अमुक साहेब देतील, सूज गळ्यापर्यंत आली की दात बसेल. अप्पांनी मान डोलवली, मुलीला नमस्कार केला, कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी गेले. मला वाटलं, चार दिवस राग धरतील, मग माझं ऐकतील.

मी रोज फोन करत होते. "बरा हाय," म्हणायचे. वहिनींना विचारलं की त्या सांगायच्या, गाल जरा सुजलाय पण अप्पा शेकतात, हिंडतात फिरतात. मग एका सकाळी मी फोनवर अप्पांना स्पष्टच विचारलं, सूज किती आहे?

"गालापर्यंत आलीय," अप्पा म्हणाले. "गळ्यापर्यंत नाय आली अजून."

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं. ते वाट बघत होते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून, बोटानं चाचपून, सूज खाली कुठवर आली ते बघत होते. शेजारच्या दादानंही त्यांना सांगितलं होतं, आता थोडक्यासाठी कशाला पैसे घालवता, अजून जरा खाली येऊ दे. आसपास चार समंजस माणसं, आणि सगळी मिळून एका म्हाताऱ्याचा गळा सुजायची वाट बघत होती. मी फोनवर इतकी ओरडले की ऑफिसमधले सगळे वळून बघायला लागले. रविवारी येते, खांद्यावर टाकून घेऊन जाते, मी म्हणाले. अप्पा म्हणाले, "ये. काजूचा मोहोर बग कसा धरलाय."

रविवार यायच्या आधीच, भर दुपारी वहिनींचा फोन आला. अप्पांचं तोंड उघडत नव्हतं. पाणी गिळता येत नव्हतं, लाळ गळत होती, श्वास घेताना घशातून आवाज येत होता.

रुग्णवाहिका रत्नागिरीत पोचली तेव्हा मी त्याच रुग्णालयाच्या दारात उभी होते. स्ट्रेचर खाली उतरवलं. अप्पांचा चेहरा कानापासून कानापर्यंत एकच झाला होता, हनुवटी आणि मान वेगळी उरली नव्हती. मला बघितल्यावर त्यांनी आतल्या खिशात हात घातला, कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि बोटानं गळा दाखवला. त्यांना बोलता येत नव्हतं. पण त्या डोळ्यांत भीती नव्हती. काम झालं असं ते डोळे सांगत होते. मी अजून त्या डोळ्यांना माफ केलेलं नाही.

खिडकीत तीच मुलगी होती. कार्ड लागलं. सगळं बसलं. अगदी भराभर मंजूर झालं. मी तिच्यावर ओरडले, माझ्या बापाला तू काय सांगितलंस, त्यानं काय केलं बघ. ती रडायला लागली. "ताई, मी फक्त नियम सांगितला हो." खरंच होतं ते. तिनं नियम सांगितला होता आणि नियम तिनं लिहिलेला नव्हता. ज्यानं लिहिला तो काही खिडकीत बसत नाही. त्याच्यावर ओरडायचं तर कुठे जायचं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

अप्पांच्या गळ्याला छेद देऊन पू काढला. खालच्या जबड्याचं हाड सडलं होतं, तेवढा भाग काढला. त्या बाजूच्या दाढा गेल्या आणि पुढचे खालचे दातही गेले, कारण पोखरलेल्या हाडात ते राहणार नव्हते. बरेच दिवस अतिदक्षता विभागात नळ्या. आम्हाला एक पैसा पडला नाही. सर्जन तरुण होते, बोलायला चांगले. मी विचारलं, हे सगळं त्या एका दाढेपायी?

"हो. वेळेवर रूट कॅनाल झालं असतं तर काहीच झालं नसतं."

"ते यादीत नाही."

"नाही," ते म्हणाले. "हे आहे." आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

मी पतसंस्थेत हिशेब करून खाते. एका दाढेचा खर्च किती आणि या साऱ्याचा किती, ते मला डोळे मिटून कळतं. मी इथे आकडे लिहिणार नाही, लिहिले तर हाताला घाण लागेल असं वाटतं. पण ज्यांनी यादी केली त्यांना साधी वजाबाकीही येत नसावी.

घरी सोडायच्या दिवशी ती मुलगी मोबाईल घेऊन आली. योजनेचा नियम असतो, पेशंट बरा होऊन निघाला की कार्डासकट त्याचा फोटो काढून वर पाठवायचा. तिनं अप्पांच्या हातात कार्ड दिलं, त्यांची टोपी नीट केली. माझ्याकडे ती बघत नव्हती. सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "हसा काका."

अप्पा हसले. कुणी हस म्हटलं तर हसायचं, एवढे ते साधे आहेत. खालचा ओठ आत ओढला गेला, लाळेची तार हनुवटीवर आली, गळ्यावरची पट्टी सुरकुतली. फोटो निघाला. तो आज कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये असेल. बरा झालेला पेशंट म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही. "साहेब, दातासाठी ॲडमिट होतात," म्हटलं. "माझे वडील झाले." आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट वाटलेला चेहरा केला. मग म्हणाले, "पण बाई, कार्डानं सगळा खर्च दिला ना? बघा, म्हणजे उपयोग झाला की नाही?"

टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आणि मी तो उचलला नाही, याचं श्रेय मला कुणीतरी द्यायला हवं.

अप्पांना मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. आटवल म्हणजे गुरगुट्या भात, पेज, कुळथाचं पातळ पिठलं. मिरकरवाड्याच्या बंदरावरून नवरा ताजे मासे आणायचा, मी काटे काढून कुस्करून द्यायचे, आणि अप्पा ताटाकडे बघून म्हणायचे, "बाळाचा जेवान." शब्द नीट उमटत नव्हते. ओठ मिटले की हवा निसटायची, जीभ टेकायला जागाच नव्हती. जवळ बसून, तोंडाकडे बघत ऐकलं तर मला कळायचं. फोनवर वहिनींना काही कळत नसे.

दातांच्या डॉक्टरांनी तपासलं. हाड भरून यायला वेळ लागेल, मग कवळी करता येईल, पण साधी टिकणार नाही, वेगळी करावी लागेल. कवळी यादीत आहे का, असं मी विचारलंच नाही. अप्पांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, कवळी मी करणार, माझ्या पैशानं, आणि तुम्ही नाही म्हणालात तर परत तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही. अप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "शिमगा होऊ दे. मंग बगू." त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मी मात्र ते हो म्हणूनच धरलं.

फाल्गुन लागला तसे ते गावी गेले. शिमग्याला मी रजा टाकून पोचले. गावात कुजबुज होती, यंदा गाऱ्हाणं कोण घालणार? दादानं अप्पांना विचारलं, मी उभा राहू का? अप्पांनी हातानंच नाही म्हटलं. पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. अप्पा धोतर नेसून, हनुवटीला पंचा बांधून पुढे आले. पंचा सोडून खांद्यावर टाकला आणि नारळ ओंजळीत घेतला.

पहिले ठरलेले शब्द गावाला पाठ होते, म्हणून कळले. 'व्हय म्हाराजा!' झालं. मग यंदाचं सुरू झालं आणि ते कुणालाच कळेना. आवाज तोच होता, खालच्या वाडीपर्यंत जाणारा, पण त्यात शब्द नव्हते. नुसती हवा आणि सूर. लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हाताऱ्या कान पुढे करून ऐकू लागल्या. अप्पा थांबले की लोकांना अंदाजानं कळायचं, मागणी संपली, आणि ते म्हणायचे, 'व्हय म्हाराजा.' दबकत. मग जरा मोठ्यानं. त्यांना अप्पांना सांभाळून घ्यायचं होतं. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. मला त्या सांभाळून घेण्याचाही संताप येत होता. पण अप्पांना असं वाटू नये की आपलं बोलणं पोचत नाही, म्हणून मीही म्हणायला लागले. प्रत्येक थांब्याला, पोटातून, घसा फाटेस्तोवर.

शेवटचं मागणं अप्पांनी फार सावकाश म्हटलं. बराच वेळ म्हटलं. डोळे मिटलेले होते. गाव गरजला, 'व्हय म्हाराजा!' अप्पांनी डोळे उघडले, नारळ वर केला, सवयीनं शेंडी तोंडाकडे नेली, आणि थांबले. मग दादाच्या हातात दिला. दादानं कोयत्यानं शेंडी काढली.

पालखी पुढे नाचायला गेली, सहाणेवर आम्ही दोघंच राहिलो. मी अप्पांच्या हनुवटीला पंचा बांधला. विचारलं, "अप्पा, शेवटाला काय मागितलंत? नीट कळलं नाही."

त्यांनी माझ्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द जुळवत सांगितलं. "मला आता ने, यातून मोकळा कर, म्हटला. पुढल्या साली नारळ दुसऱ्याच्या हातात दे. मंग कवळी नको न् काय नको." त्यांना धाप लागली. "गावानं व्हय म्हटलान. आता झाला ता. मोडता येत नाय."

मी पालखीच्या मागे चाललेल्या लोकांकडे बघितलं. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की त्यांनी कशाला हो म्हटलं.

आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं होतं.